इतर

बातमी आम्हाला सगळ्यात शेवटी कळली.
कान आमच्या माळावर, शेदोनशे तबकड्यांचा,
पण द्रुईपुट्सला मोबाइल नाही, मायक्रोवेव्ह नाही,
पेट्रोलची गाडीसुद्धा कुंपणापासून लांब लावायची,
ठिणगीचाही गोंगाट होतो म्हणे तिकडे.
सतरा वर्षं आम्ही दबक्या पावलांनी,
आजारी माणसाच्या खोलीबाहेर वावरावं तसे.

मंगळवारी सहकारी दुकानातला काळा फोन वाजला.
केपटाउनहून कात्रीनाची मुलगी रडत होती:
"आई, कुणीतरी आहे."
कात्रीनाला वाटलं, घरात चोर शिरलाय.
"दार लावून घे," ती म्हणाली.

तिकडे म्हणे लोकांनी मेणबत्त्या साठवल्या,
कुठे लग्नं मोडली, कुठे घाईघाईनं लागली.
शेअर बाजार धाडकन पडला,
आणि शुक्रवारी कपडे झटकून चालू लागला.
इथे लोकर कातरायचे दिवस.
अब्राम विटबोईनं एवढंच विचारलं,
त्यांच्याकडे मेंढरं आहेत का,
आणि असली तर कातरतं कोण.

ज्याच्या पडद्यावर ते पहिल्यांदा उमटलं तो ल्वाझी
दर गुरुवारी टोमॅटोचा डबा न्यायला येतो.
त्या गुरुवारीही आला.
सुटे पैसे काउंटरवर विसरला, परत आला,
आणि कशाला आलो तेच विसरला.

पहिल्या रविवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती.
पाद्री आरेंड्स यांनी बायबल उघडलं, मिटलं,
मग म्हणाले, "निदान ते बोलले तरी."
तिसऱ्या रविवारी आम्ही नेहमीचे बावीस.

मग पत्रकार आले. फाटकापाशी फोन काढून दिले,
आणि रिकाम्या हातांचं करायचं काय, ते कळेना त्यांना.
"मानवेतर बुद्धिमत्ता," त्यांच्यातली एक समजावत होती.
फीत्जी आजी ऐकत होती.
तिनं तो शब्द तंबाखूसारखा गालात धरला.
मानव तिनं थुंकून टाकला.
इतर चघळत राहिली.

तिच्या आजीच्या आजीचं डोकं मोजलं होतं
कॅलिपर घेऊन आलेल्या एका सभ्य गृहस्थानं.
कानापासून कानापर्यंत. कपाळ. जबडा.
वहीत आकडे लिहिले, चिमूटभर साखर दिली.
त्या बाईची भाषा आता कुणालाच येत नाही.
शेवटची म्हातारी गेली ती आठवडाभर बोलत होती,
रात्रंदिवस, भिंतीकडे तोंड करून,
आणि डॉक्टरनं कागदावर लिहिलं: असंबद्ध आवाज.

"म्हणजे आमच्या जागेवर आता नवं कुणी आलं," फीत्जी म्हणाली,
आणि बोळक्या तोंडानं अशी हसली
की बाईचं पेन थांबलं.
"त्यांना निरोप धाडणार असाल तर माझाही घाला.
मोजायला कुणी आलं
तर साखर घेऊ नका म्हणावं."

छापून आलेल्या अंकात तिचा फोटो होता.
निरोप नव्हता.

उत्तर द्यायचं की नाही, यावर जगभर सभा चालल्यात.
आमच्या सभेत ठराव एकच:
ऐकून झालं असेल तर आता फोन द्या.
नाही म्हणाले.
आता तर अजिबातच नाही.

काल रात्री दोनला पोरक्या कोकराला बाटली पाजत होते,
लाकडाच्या चुलीवर कोमट केलेलं दूध.
तेव्हा सगळ्या तबकड्या एकदम वळल्या,
कुत्रं भुंकल्यावर कळप वळतो तशा,
जिकडे मला काहीच दिसत नव्हतं तिकडे.
कोकरू शेपूट नाचवत चुटूचुटू पीत होतं.
त्याला त्याचं नाव सांगावं म्हटलं,
एकदा मोठ्यानं, माळभर जाईल असं.

सवय अशी की
कुजबुजलेच.